आंधळा स्काउस

आमच्या आणि शेजारच्या घरात एक सामायिक भिंत आहे. लिव्हरपूलच्या जुन्या कामगार वस्तीत सगळी घरं अशीच: लाल विटांची लांबलचक रांग, प्रत्येकाला तोच दरवाजा, तीच खिडकी, मागे तेवढंच अंगण. माझ्या आजीने पाहिली असती तर म्हणाली असती, ही चाळच की गं, फक्त जिना ज्याचा त्याला.

भिंतीपलीकडे ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नावाने हाक मारायची असते, ते मला सहा वर्षांत जमलेलं नाही, म्हणून मी हाकच मारत नाही. घरात आम्ही त्यांना 'आजी' म्हणतो. त्या मला 'क्वीन' म्हणतात. पहिल्यांदा वाटलं टोमणा आहे. मग कळलं, जुन्या लिव्हरपूलकर बायका बसमधल्या अनोळखी बाईलाही क्वीनच म्हणतात. त्यांची-माझी ओळख झाली ती कुकरच्या शिट्टीमुळे. तिसऱ्या शिट्टीला दारावर थाप पडली. घरात काही फुटतंय का, गॅसवाल्याला बोलावू का, म्हणून विचारायला आल्या होत्या. मी कुकर दाखवला. त्यांनी लांबूनच पाहिला. "यात काय शिजतं?" "डाळ," म्हटलं. "बिचारी," म्हणाल्या. डाळीला म्हणाल्या की मला, ते अजून ठरलेलं नाही.

स्काउस करून बघायचं माझ्या डोक्यात आलं ते त्या नावामुळे. या शहरातल्या माणसाला 'स्काउसर' म्हणतात, त्याच्या बोलीलाही स्काउस, आणि मुळात स्काउस म्हणजे काय, तर मटण-बटाट्याचा एक दाट, करडा, दिसायला अगदीच ओशाळवाणा रस्सा. खाण्यावरून माणसांना नावं ठेवण्यात आपणही मागे नाही. मुंबईत गोव्याच्या ख्रिश्चनांना 'माकापाव' म्हणून चिडवत, आमच्या चाळीत दोन नंबरच्या खोलीतल्यांना 'वरणभात' म्हणत. पण ज्यांना चिडवलं त्यांनीच ते नाव उचलून छातीवर बिल्ल्यासारखं लावावं, हे काही आमच्या दोन नंबरवाल्यांना सुचलं नाही. इथल्यांना सुचलं. आता दर २८ फेब्रुवारीला स्काउस दिवस असतो, आणि ज्या कॅफेत एरवी अॅव्होकॅडो टोस्ट मिळतो त्याच्याही फळ्यावर खडूने स्काउस लिहिलेलं दिसतं.

तर पहिला स्काउस मी केला तो सुगरणीच्या घमेंडीत. दुकानातून मेंढीच्या रानाचं, म्हणजे मांडीचं, स्वच्छ, बिनहाडाचं, महागडं मटण आणलं. बटाटे बघून बघून गुळगुळीत, पातळ सालीचे, सॅलडला वापरतात तसले घेतले. मटण तुपावर परतलं. गाजरं, कांदे, सगळ्याच्या एकसारख्या फोडी. आणि वेळ वाचावा म्हणून चढवला कुकर. चार शिट्ट्या. उघडल्यावर दिसायला सुरेख: तळाला पारदर्शक पाणी, त्यात अखंड बटाटे, अखंड गाजरं, आणि मटणाचे घट्ट, कोरडे चौकोन. आमच्याकडे याला 'फळफळीत' म्हणतात. रस्सा एकीकडे, ऐवज एकीकडे, एकमेकांची ओळख नसल्यासारखे.

वाडगाभर घेऊन शेजारी गेले. आजींनी उभ्याउभ्याच चव घेतली. "छान आहे सूप," म्हणाल्या.

मी म्हटलं, हा स्काउस आहे. त्यांनी चमचा वाडग्याच्या मधोमध उभा धरला आणि सोडला. तो खळ्ळकन काठावर पडला. एवढीच त्यांची टीका. पण पुढच्या शनिवारी सकाळी त्या एप्रन बांधून आमच्या दारात हजर. कुकर दिसणार नाही अशा ठिकाणी ठेव, हे पहिलं वाक्य.

त्यांची कृती सांगायची तर ती कृती म्हणताच येणार नाही, कारण तिला मापं नाहीत. बटाटे किती? "पुरतील इतके." मटण किती? "असेल तितकं." मला हसू आलं, कारण माझी आजी याच भाषेत बोलायची. तरी मी मागे लागून पाहून ठेवलं ते असं. मटण गर्दनीचं, हाडासकट, चरबी न काढता. लॉज लेनवरच्या हलाल दुकानात ते मिळालं, खाटकाने "रस्सा करणार का?" असं उर्दूत विचारलं, मी हो म्हटलं, खोटं नव्हतं. पुष्कळांच्या घरी गोमांस घालतात, आजींच्या घरी मेंढीचंच असे, आणि दोन्ही पक्ष दुसऱ्याच्या स्काउसला स्काउस मानत नाहीत. आमच्या घरापुरता तो वाद आपोआप मिटला. बटाटे पिठूळ जातीचे, किंग एडवर्ड नाहीतर मॅरिस पायपर. आणि खरी मख्खी इथे आहे: बटाट्यांचे दोन वाटे करायचे. पहिला वाटा बारीक चिरून मटण-कांद्याबरोबरच पातेल्यात जातो, आणि त्याने मरायचंच असतं. दोनेक तासांत तो विरघळून जातो, त्याचाच दाटपणा होतो. दुसरा वाटा, मोठ्या फोडींचा, गाजरांबरोबर, शेवटच्या तासात. तो दिसण्यासाठी आणि दाताखाली येण्यासाठी. पाणी सगळं बुडेल इतकं. मीठ. पांढरी मिरपूड. झालं.

"झालं?" मी विचारलं. माझा हात मसाल्याच्या डब्याकडे तीनदा गेला असेल. लसूण नाही, आलं नाही, हळदीची चिमूटही नाही. आजींनी फक्त वर्स्टरशायर सॉसची बाटली दोनदा उपडी केली. नंतर मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. त्यात चिंच होती! व्हिनेगर, काकवी, मीठ घातलेले अँचोव्ही मासे, आणि चिंच. एवढ्या परक्या पातेल्यात ओळखीचं कोणीतरी निघालं याचा मला झालेला आनंद हास्यास्पद होता, पण झाला खरा.

मग साडेतीन तास काहीच करायचं नाही. हे सगळ्यात अवघड. पातेलं खदखदू द्यायचं नाही, नुसतं रटरटू द्यायचं. मधूनच एखादा बुडबुडा वर यावा आणि 'बरं' म्हणून फुटावा. गर्दनीसारख्या राबलेल्या स्नायूत जो चिवट भाग असतो, तो असा तासन्तास मंद ऊब मिळाल्यावरच विरघळतो आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा देतो. रानाच्या महाग मटणात तो जवळजवळ नसतोच, म्हणून ते कोरडं पडलं होतं. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त; शिजला की तो आपल्याआपण फुटतो. माझे गुळगुळीत बटाटे फुटायला तयारच नव्हते. थोडक्यात, मी दुकानातून एकूण एक वस्तू उत्तमातली आणली होती आणि म्हणूनच फसले होते. शेवटी झाकण काढलं तेव्हा आपल्या भाषेत ज्याला 'मिळून येणं' म्हणतात ते झालेलं होतं. रस्सा मिळून आला होता. चमचा उभा राहिला.

त्या साडेतीन तासांत आजी बोलत बसल्या. वडील गोदीत. म्हणजे कायमचे कामगार नव्हेत. सकाळी आणि दुपारी, दिवसातून दोनदा गोदीच्या फाटकापाशी माणसांचा घोळका उभा राही, मुकादम बोट दाखवील त्याला अर्ध्या दिवसाचं काम, बाकीच्यांनी घरी जावं. ही रोजंदारीची पद्धत इथे १९६७ साली बंद झाली. पोती ओढायचा आकडा कमरेला लावून वडील निघत, ते गोदीवरून जाणाऱ्या उन्नत रेल्वेखालून चालत. ती रेल्वे १८९३ पासून १९५६ पर्यंत धावली. तिच्या खालच्या आडोशामुळे लोक तिला 'गोदीवाल्यांची छत्री' म्हणत. मुकादमाने बोट दाखवलं की नाही, हे आईला वडिलांच्या पावलांच्या आवाजावरून दारातच कळे, असं आजी म्हणाल्या.

मी त्यांना 'बदली' या शब्दाचा अर्थ सांगितला. माझे आजोबा परळच्या गिरणीत पहिली आठ वर्षं बदली कामगार होते. पाळी सुरू होताना फाटकावर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत. आजोबांची चप्पल माझी आजी अशीच ऐकत असणार. मुद्दाम सांगते, मी हे साम्य शोधायला गेले नव्हते. रोजचं काम रोज मिळवावं लागणाऱ्या घरांत ऐकायची सवय सगळीकडे एकाच जागी लागते, उंबऱ्यावर.

पण एक फरक त्याच शनिवारी डोक्यात आला आणि मग जाईना. माझ्या आजीला साडेतीन तास काही रटरटत ठेवणं परवडलंच नसतं. चाळीत स्टोव्ह होता आणि रॉकेल रेशनवर. दोन डबे घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझ्या बाबांचं असे. म्हणून तिचा सगळा गरिबीचा स्वयंपाक झटपट होता: पिठलं, सुक्या जवळ्याची चटणी, भाकरी, कढण. मटण आणलंच तर त्यात बटाटे भरपूर, वाटणात भाजलेलं खोबरं, तिखट जास्त, म्हणजे पावशेर मटण नऊ माणसांना वास लावून जाई. इथे उलट. थंडीमुळे घर गरम ठेवायला कोळशाची शेगडी दिवसभर पेटलेलीच. त्या शेगडीच्या कडेला पातेलं ठेवलं की ते फुकटात शिजे. सरपण स्वस्त आणि मटण महाग तर स्काउस. दोन्ही महाग तर पिठलं. एकाच गरजेतून निघालेले दोन रस्ते, आणि फाटा फुटला तो इंधनापाशी.

आज गंमत अशी की त्या स्काउसला आता स्वस्त म्हणता येत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात इथली गॅस-विजेची बिलं अशी चढली की शेगडीवर साडेतीन तास पातेलं ठेवताना मी घड्याळाकडे बघत होते. गर्दनीचं मटणही कोणी टीव्हीवाल्या शेफने नावाजल्यापासून पूर्वीसारखं फेकाफेकीच्या भावात मिळत नाही. गरिबांचं अन्न श्रीमंतांना आवडू लागलं की पहिल्यांदा ते गरिबांच्या हातून जातं. आपल्याकडे बाजरीचं आणि नाचणीचं चाललंय तेच.

स्काउस मूळचा जमिनीवरचा नाही, बोटीवरचा. लॉबस्काउस हे त्याचं पूर्ण नाव. पिंपात खारवलेलं मांस, कांदा, मिरी, आणि दगडासारखी जहाजी बिस्किटं फोडून टाकलेली, दाटपणासाठी. उत्तर समुद्राच्या काठाने तो पदार्थ खलाशांबरोबर फिरला. हॅम्बुर्गला तो लाब्सकाउस झाला: बीट घालून कुटलेला गुलाबी लगदा, वर तळलेलं अंडं, शेजारी हेरिंग मासा. नॉर्वेत लाप्सकाउस, उत्तर वेल्समध्ये लॉब्सगाउस. स्टोकच्या कुंभारकामाच्या गावांत, जिथून समुद्र दिसायची सोय नाही, त्याला नुसतं 'लॉबी' म्हणतात. लिव्हरपूलला बंदरावर उतरल्यावर बिस्किटं गेली आणि बटाटे आले.

मराठी माणसाची खोड म्हणून मी यात कोकण शोधलं. ब्रिटिश बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी पुष्कळ असत. सारंग, तांडेल हे खलाशांच्या मुकादमांसाठीचे शब्द इंग्रजी जहाजांच्या कागदपत्रांत जवळजवळ तसेच चढले. पण या आपल्याकडच्या खलाशांचा स्वयंपाक वेगळा. त्यांच्यासाठी 'भंडारी' म्हणून निराळा स्वयंपाकी असे, आणि त्यांचा शिधाही निराळा ठरवलेला: तांदूळ, डाळ, तूप. एकाच बोटीवर दोन चुली. म्हणजे आमच्या रत्नागिरीचा कोणी स्काउस खाऊन घरी सांगायला आला असेल ही माझी रम्य कल्पना तिथेच बुडाली. बरंच झालं. ज्याचं त्याचं असू द्यावं.

पण एक जुना हिशोब मात्र मला सापडला आणि तो मी विसरू शकत नाही. १७९७ साली सर फ्रेडरिक ईडन यांनी इंग्लंडमधल्या गरिबांच्या स्थितीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहाच्या अन्नखर्चाची नोंद आहे. स्काउससाठी गोमांस १०१ पौंड. स्काउससाठी बटाटे ४२० पौंड. कांदे २८ पौंड. किलोत सांगायचं तर मांस सुमारे ४६, बटाटे सुमारे १९०. एकास चार! हे शहर त्या वेळी ब्रिटनमधलं गुलामांच्या व्यापाराचं सर्वांत मोठं बंदर होतं, बंदरात पैसा ओसंडत होता, आणि त्याच गावात कोणीतरी बसून हे आकडे मांडत होतं. मी ते प्रमाण घरी करून पाहिलं: अर्धा किलो मटणाला दोन किलो बटाटे. एवढा बटाटा सोलून ओट्यावर ठेवला की ढीग बघूनच समजतं, आपण मटणाचा रस्सा करत नसून बटाट्याला मटणाची आठवण करून देतोय. आणि चव? अहो, चांगली लागली. चरबी आणि हाडाचा रस त्या एवढ्या बटाट्याने पुरता पिऊन घेतला होता. आजींना सांगितलं, त्या म्हणाल्या, "एकास चार? म्हणजे रविवारचा."

स्काउसला सोबत लागते लाल कोबीच्या लोणच्याची. हे लोणचं आपल्या अर्थाने लोणचं नव्हे. कोबी बारीक चिरून, मीठ चोळून रात्रभर ठेवायचा, सुटलेलं पाणी टाकून द्यायचं, मग मिरी-लवंग घालून उकळलेल्या आणि थंड केलेल्या माल्ट व्हिनेगरमध्ये बरणीत भरायचा. आठवडाभराने खाण्यासारखा होतो. काही घरी त्याऐवजी बीट. मटणाबरोबर आपण लिंबू पिळतो किंवा सोलकढी घेतो, तेच काम तो कोबी करतो: तोंडातली चरबी धुतो, की पुढचा घास पुन्हा पहिला. करड्या रश्श्यात त्याचा जांभळा रंग पसरत जातो तेव्हा स्काउस पहिल्यांदाच देखणा दिसतो. आणि जाड लोणी लावलेला पाव. मी एकदा गरम भातावर वाढून पाहिलं. सांगू नका कोणाला, पण फार सुरेख लागलं.

मटणच नसेल तर जो करतात त्याला 'ब्लाइंड स्काउस' म्हणतात. आंधळा स्काउस. पगाराच्या आदल्या दोन दिवसांचा, किंवा मुकादमाचं बोट आठवडाभर दुसरीकडेच वळलं असेल त्या आठवड्याचा. बाकी सगळं तेच: कांदा, गाजर, दोन वाट्यांचा बटाटा, मिरपूड. आपल्याकडे आंधळी असते ती कोशिंबीर, आणि तीही खेळातली. त्यात ज्याच्या डोळ्यांवर पट्टी त्याला माहीत असतं की गडी इथेच आसपास आहेत, हात पुढे केला तर एखादा लागेल. आजींचा धाकटा भाऊ पातेल्यात पळी फिरवत बसायचा म्हणे. आई सांगे, नीट शोध, असेल तळाला.

गेल्या ऑगस्टमध्ये मी तो केला. नवरा श्रावण पाळतो. देवासाठी म्हणण्यापेक्षा त्याच्या आईसाठी. बाहेर पाऊसही श्रावणातल्यासारखाच होता, ऊन-सर, ऊन-सर, फक्त अंगात स्वेटर. बटाटे होते, गाजरं होती. म्हटलं, आंधळा तर आंधळा. मटण नाही तर हाडाचा रसही नाही, मग चव कुठून आणायची? मी कांदे दुप्पट घेतले आणि लोण्यावर तांबूस होईपर्यंत परतले. वर्स्टरशायर सॉसकडे हात गेला आणि त्यातले मासे आठवले. बाटली परत ठेवली, नुसती चिंच कोळून घातली, चमचाभर. याला कोणी भेसळ म्हणो. मिळून आला. नेहमीप्रमाणे वाडगाभर शेजारी नेला.

आजींनी पळीने ढवळलं, एकदा, दोनदा. तळ गाठला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आंधळा आहे," म्हणाल्या. "कोणाचं काम गेलं?"

त्यांनी थट्टेतच विचारलं होतं. मी श्रावण सांगायला तोंड उघडलं. एक महिना असतो, आमच्यात त्या महिन्यात खात नाहीत, वगैरे. पण मधेच थांबले. नवऱ्याचं कंत्राट जुलैअखेर संपलं होतं आणि पुढचं मिळालं नव्हतं. आम्ही ते कोणालाच सांगितलं नव्हतं, पुण्यातही नाही. रोज सकाळी तो आठच्या ठोक्याला बॅग घेऊन ग्रंथालयात जात होता, आणि संध्याकाळी त्याची पावलं मी ऐकत होते. मी म्हटलं, "श्रावण आहे." आवाज जरा वेगळा निघाला असणार. भिंत सामायिक आहे, फार जाडही नाही.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. वाडगा घेतला आणि वरती पाव आहे का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडगा परत आला. धुऊन, वर ताटली झाकून. ताटली उचलली तर आत कागदात गुंडाळलेले गर्दनीचे चार तुकडे होते, हाडासकट. श्रावण संपायला अकरा दिवस होते. मी तारीख लिहून ते फ्रीझरमध्ये ठेवले.